गॅरेज भरण्याआधी

बंगल्याच्या नकाशात गॅरेजच्या चौकोनात वास्तुविशारद हमखास एक गाडी काढून दाखवतो. घर बांधून दोन पावसाळे उलटले की ती गाडी फाटकाबाहेर उभी राहू लागते. चौकोनात मुक्काम ठोकतात उरलेल्या टाइल्सचे खोके, अर्धे रंगाचे डबे, कपडे वाळत घालायला उरलेली ट्रेडमिल, लग्नात आलेले आणि कधीच न उघडलेले डिनर सेट, मुलांना लहान झालेल्या सायकली, गणपतीचं मखर आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं बरंच काही. नाशिक, कोल्हापूर, पुण्याची उपनगरं, कुठल्याही रो-हाउसच्या रस्त्यावरून संध्याकाळी चालत जा. गाड्या दोन्ही बाजूंनी रस्त्यावर असतात आणि गॅरेजांची शटरं खाली ओढलेली असतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी तिथल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांची घरं खोलीन् खोली पाहिली, मोजली, त्यांची छायाचित्रं घेतली. त्या अभ्यासावरचं ‘लाइफ अ‍ॅट होम इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी’ हे पुस्तक २०१२ साली आलं. त्यांना आढळलं की चारांतल्या तीन गॅरेजांत गाडी नाही, सामान आहे. ज्या देशात दोन गाड्यांचं गॅरेज ही सर्वसाधारण गोष्ट आहे आणि गॅरेजसाठी रॅक, कपाटं, हूक विकणारी दुकानंच्या दुकानं आहेत, तिथली ही अवस्था. तेव्हा जागा अपुरी पडते म्हणून किंवा चांगला रॅक मिळत नाही म्हणून गॅरेज तुंबतं, या समजुतीत फारसं तथ्य नाही.

गॅरेज तुंबतं ते निर्णय न झालेल्या वस्तूंनी. घरात नको, टाकवत नाही, कुणाला द्यायची ते ठरत नाही, अशी वस्तू गॅरेजात जाते. मग एके दिवशी तो पसारा डोळ्यांत खुपायला लागतो आणि आपण सुताराला बोलावतो. तो भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लॅमिनेटची बंद कपाटं ठोकून देतो. पसारा दिसेनासा होतो. इथेच आपली फसगत होते, असं माझं ठाम मत आहे. गॅरेजमधली साठवण ही इंटिरियरची बाब नव्हे, ती कोठाराची बाब आहे. कोठारात माल उभ्याउभ्या दिसावा लागतो, खालची जमीन मोकळी लागते आणि कुठला माल किती उंचीवर हे त्याच्या वजनाने ठरतं. देखणेपणाचा विचार त्यानंतर.

आपल्या जुन्या घरांना हे पक्कं ठाऊक होतं. वाड्यात ‘स्टोअर रूम’ अशी एकच खोली नसे. धान्य कणगीत किंवा भिंतीतल्या बळदात, सरपण पडवीत, दोर-विळे-कोयते खुंटीला, रोजची भांडी फडताळात, दिवा कोनाड्यात. प्रत्येक वस्तूची जागा तिच्या स्वभावावरून ठरलेली: तिला ओल चालते का, उंदीर लागतो का, दिवसातून किती वेळा हात लागतो. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीखाली पेवं खणली जात. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकते हे अनुभवाने कळलेलं होतं, म्हणून ती पेवं तिथेच होती, दुसऱ्या गावी नव्हती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली, हेही त्याच गोष्टीचं दुसरं अंग आहे: साठवणीची रीत जागेशी बांधलेली असते आणि जागा बदलली, पाणी बदललं, की रीतही पुन्हा तपासावी लागते. जुन्या घरांचं सगळंच गोड मानायचं कारण नाही. पोटमाळा हा त्याही काळी अडगळीचाच होता आणि वाकून, धूळ खात तिथे चढायचं काम बहुधा घरातल्या बायकांवर पडे. फ्लॅट आले तेव्हा फडताळ, खुंटी, कोनाडा हे सगळं गेलं आणि नेमका माळा तेवढा लॉफ्ट होऊन आपल्याबरोबर आला.

गॅरेजचं नियोजन मोजमापाने सुरू होतं, आणि मापं घ्यायची ती गाडी आत उभी करून, तिची दारं उघडून. रिकाम्या गॅरेजची मापं घेऊन केलेला बेत हमखास फसतो. आपल्याकडच्या रो-हाउसचं गॅरेज आतून दहा फूट रुंद असेल तर ते साधारण ३०५ सेंटिमीटर झालं. मध्यम आकाराची गाडी आरसे सोडून १७५ च्या आसपास. उरले १३०. चालवणाऱ्याला दार उघडून नीट उतरायला ६५ ते ७० लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्याहून जास्त. दुसऱ्या बाजूला राहिले ६०, त्यातही गाडी आत घेताना-काढताना थोडं अंतर हवं. म्हणजे त्या भिंतीला बारा इंच, फार तर पंधरा इंच खोलीचा रॅक बसतो. दुकानात सर्रास मिळणारा अठरा किंवा चोवीस इंचांचा तिथे आणला की पहिल्याच आठवड्यात गाडीला ओरखडा आणि दुसऱ्या महिन्यात गाडी बाहेर. खोल रॅकची जागा समोरच्या भिंतीला, बॉनेटच्या वर. बॉनेट जमिनीपासून मीटरभर उंच असतं. सव्वा मीटरच्या वरची ती सगळी भिंत बहुतेक घरांत नुसती कॅलेंडर लावायला वापरली जाते. गॅरेजमधली सगळ्यात मोलाची मोकळी जागा तीच.

आता रॅक कुठला. ऑनलाइन बाजारात ‘गॅरेज सिस्टीम’ या नावाने जे मिळतं त्याचा बराचसा भाग अमेरिकी घरासाठी कल्पिलेला आहे: भिंतीला आडव्या पट्ट्या मारायच्या, त्यात हूक आणि टोपल्या अडकवायच्या, छताला टांगती जाळी लावायची. तिथल्या भिंतीच्या आत दर सोळा इंचांवर उभं लाकूड असतं आणि वर जिप्समचा पातळ बोर्ड. पट्टीचा स्क्रू त्या लाकडात जातो आणि घट्ट बसतो. छतही लाकडी तुळयांचं. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या आपल्या माणसांनी ती सिस्टीम खुशाल घ्यावी, ती त्यांच्याच भिंतीसाठी आहे. आपल्या भिंती विटांच्या, काँक्रीटच्या किंवा हल्ली एएसी ब्लॉकच्या. खोक्यातून येणारे लाकडाचे स्क्रू इथे निरुपयोगी. विटेच्या भिंतीत प्लॅस्टरची जाडी ओलांडून फास्टनर विटेत शिरला पाहिजे. नुसत्या प्लॅस्टरमध्ये बसवलेला हूक सायकलसकट खाली येतो आणि बरोबर खपलीही आणतो. एएसी ब्लॉक हलका आणि सच्छिद्र असतो. साधा प्लास्टिकचा गट्टू त्यात सैल होत जातो. त्याच्यासाठी वेगळे फास्टनर मिळतात, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घ्यावा लागतो. म्हणून ब्लॉकच्या भिंतीला वजन टांगूच नये, या मताचा मी आहे. वजन जमिनीवर उभ्या राहणाऱ्या रॅकने पेलावं आणि भिंतीला तो फक्त वरच्या बाजूला बांधून घ्यावा, म्हणजे पुढे कलणार नाही. हे बांधणं मात्र चुकवायचं नाही. लहान मूल रॅकच्या फळ्यांना शिडी समजतं.

असा रॅक आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतो. भोकाभोकांचा लोखंडी अँगल, त्याला नट-बोल्टने बसवलेल्या पत्र्याच्या फळ्या. लंडनमध्ये डिमिट्रियस कोमिनो यांनी हा भोकांचा अँगल १९४७ साली डेक्सियन या नावाने बाजारात आणला. त्यामागचं कारण साधं होतं: दर वेळी गरजेप्रमाणे मांडणी बदलली की लाकूड-लोखंड कापावं लागतं, वाया जातं, त्यापेक्षा खेळण्यासारखं जोडता-सोडता यावं. आज तो आपल्या किराणा दुकानांत, औषधांच्या दुकानांत, सरकारी रेकॉर्ड रूममध्ये, सगळीकडे आहे, आणि घरात मात्र आपल्याला तो ‘दुकानासारखा’ वाटतो. मला तर गॅरेजसाठी त्याच्याइतकं शहाणं दुसरं काही दिसत नाही. फळी दीड-दोन इंच वर-खाली सरकवता येते, मुलं मोठी झाली की मांडणी बदलता येते, घर बदललं तर पाने घेऊन सुटा करता येतो.

खरेदी करताना गेज विचारा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे अनेकांना दुकानात उभं राहिल्यावरच कळतं. चौदा गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, अठरा म्हणजे १.२, वीस म्हणजे ०.९ आणि बावीस म्हणजे जेमतेम ०.७. उभे अँगल चौदाचे आणि फळ्या विसाच्या, ही घरगुती वापराला पुरणारी जोडी. दुकानदार स्वस्त म्हणून बावीसची फळी पुढे करतो. ती फायलींना ठीक आहे, टाइल्सना नाही.

फळीच्या लांबीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण घरोघरी चुकतं ते इथेच. दोन टोकांवर टेकलेल्या फळीला मध्ये किती झोळ येतो हे तिच्या लांबीच्या तिसऱ्या घातावर अवलंबून असतं. तीन फुटांच्या ऐवजी सहा फुटांची फळी घेतली आणि जाडी, रुंदी, वजन सगळं तेच ठेवलं, तर झोळ दुप्पट होत नाही, आठपट होतो. सुतार सहा फुटांची सलग फळी लावतो कारण ती दिसायला सुटसुटीत असते आणि मधला आधार वाचतो. दुसरी गोष्ट, रॅकच्या पत्रकावर लिहिलेली क्षमता ही बहुतेकदा पूर्ण फळीवर सारख्या पसरलेल्या वजनाची असते. तेच वजन एकाच खोक्यात भरून फळीच्या बरोबर मध्यावर ठेवलं तर फळीवरचा वाकवणारा ताण दुप्पट होतो. म्हणजे शंभर किलोची फळी मध्यावरच्या वजनाला पन्नासचीच समजायची. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्सचा चार नगांचा एक खोका पंचवीस किलोच्या पुढे जातो. इमल्शनची वीस लिटरची भरलेली बादलीही तितकीच किंवा जास्त. असे दोन खोके फळीच्या मधोमध एकावर एक. वर्षभरात ती फळी पोटात खचलेली दिसते, बोल्टच्या भोकांशी रंगाला तडे जातात आणि तिथून गंज सुरू होतो. उपाय महागडा नाही: फळी तीन फुटांहून लांब नको, जड खोके खांबांच्या जवळ, दोन टोकांना वाटून.

लाकडाच्याच फळ्या हव्या असतील तर पार्टिकल बोर्ड गॅरेजात आणूच नये. एकदा पाणी प्यायला की तो फुगतो आणि पुन्हा मूळपदावर येत नाही. प्लायवूड घ्यायचं तर आयएस ७१० चा, मरीन म्हणतात तो, आणि कापलेल्या कडा रंगाने किंवा एज बँडने बंद करून. कोकणात आणि मुंबईत खारी हवा लोखंडही खाते, तिथे पायांना दर दोन-तीन वर्षांनी रेड ऑक्साइडचा हात मारावाच लागतो.

उंचीचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो माणसाच्या पाठीचा आणि खुब्याच्या हाडाचा प्रश्न आहे. आपल्या घरांत एक विचित्र नियम चालतो: जे क्वचित लागतं ते सगळ्यात वर. क्वचित लागणाऱ्या वस्तूंत पितळेची मोठी पातेली, शिलाई मशीन, पाटा-वरवंटा, जुन्या पुस्तकांची पेटी, म्हणजे घरातल्या सगळ्यात जड वस्तू येतात. त्या सात फुटांवरच्या लॉफ्टवर जातात. मग गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री किंवा घरात कार्य निघालं की प्लास्टिकच्या स्टुलावर एक जण चढतो, दुसरा स्टूल धरतो, तिसरा खालून ‘जरा डावीकडे बघ, गोणपाटाच्या मागे’ असं सांगतो आणि डोक्यावरून तीस किलोचं काहीतरी एका हाताने ओढलं जातं. यात अपघात होत नाही तो नशिबाने.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने, नायॉशने, वजन उचलण्याचं एक सूत्र तयार केलं आहे. सगळी परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे वजन अंगाजवळ, जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर, अंग न पिळता, ते २३ किलोची मर्यादा धरतं. हीच वस्तू १७५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर मर्यादा सोळा किलोंवर येते. हे कामाच्या ठिकाणच्या कामगारांसाठीचं गणित आहे. ज्यांनी आयुष्यात कधी गोणी उचलली नाही अशा साठीच्या गृहस्थांनी आणि संधिवात असलेल्या बाईंनी त्याहून बरंच खाली राहावं. ७५ सेंटिमीटर म्हणजे साधारण ओट्याच्या जरा खाली. जड वस्तू मांडीपासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात, खालून दुसऱ्या फळीवर. डोक्याच्या वर फक्त आकाराने मोठं आणि वजनाला हलकं: मखर, आकाशकंदील, रिकाम्या बॅगा, तंबू, उशा. वर्षातून एकदाच लागणं हा वर ठेवण्याचा निकष नाही. घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात अशक्त माणसाला ती वस्तू उतरवता येते का, हा आहे.

मांडणी ठरवताना बहुतेक घरांत घरातला पुरुष आणि सुतार बोलतात. वस्तू शोधायची, पुसायची, परत ठेवायची कामं मात्र त्या दोघांपैकी कुणाचीच नसतात. बंद कपाटांच्या घरात कुठे काय आहे हे एकाच माणसाच्या डोक्यात असतं, आणि ते माणूस बहुधा आई असते. ‘आई, ड्रिल कुठंय?’ ‘वहिनी, एक्स्टेन्शन बोर्ड?’ ती चार दिवस माहेरी गेली की घर आंधळं होतं. उघड्या रॅकवर नावं लिहिलेले, आरपार दिसणारे क्रेट असतील तर हे ओझं तिच्या डोक्यावरून उतरतं. साठवणीच्या पद्धतीने घरातलं काम कुणाकडे सरकतं, याचा विचार इंटिरियरच्या पुस्तिकांत सापडत नाही. तो आपणच करायला हवा.

उघड्या रॅकविरुद्धचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते पोकळ नाहीत. धूळ बसते, हे खरं. शटरच्या फटीतून रस्त्याची धूळ येणारच. त्याला झाकणाचा क्रेट हे उत्तर आहे. कपाटाचं दार ही धूळ थोडी अडवतं इतकंच. उंदीर येतात, हेही खरं. पण उंदराला बंद कपाटाची मागची बाजू फार आवडते. घर करायला अंधार, ऊब आणि पुठ्ठा त्याला तिथे मिळतो. वाळवीचं तर विचारूच नका. वाळवी जमिनीतून येते आणि उजेड टाळत मातीची नळी बांधत वर चढते. मोकळ्या उभ्या असलेल्या लोखंडी पायावर ती नळी पेन्सिलीएवढी दिसते, आपण नखाने खरवडून काढतो आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करतो. भिंतीला चिकटून ठोकलेल्या कपाटाच्या मागे तीच नळी महिनोन् महिने वाढते आणि कळतं तेव्हा मुलांच्या शाळेच्या सगळ्या प्रगतिपुस्तकांचा भुगा झालेला असतो. रॅक भिंतीपासून दोन-तीन इंच सुटा ठेवावा तो याचसाठी. पुठ्ठ्याचे खोके, कागद, गाद्या जमिनीवर कधीच टेकवू नयेत.

पाण्याचा मुद्दा आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याचं पाणी सोसायट्यांच्या पार्किंगांत शिरलं आणि गाड्या एकमेकींवर चढल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी दिवसेंदिवस घरांत राहिलं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यालगतची एकतानगरी पाण्यात होती. अशा पुरापुढे कुठलाही रॅक टिकणार नाही. पण दर वर्षी येणारं वीतभर पाणी, रस्ता उंच करून घर खोलात गेल्यामुळे आत येणारं, त्याला मात्र उपाय आहे. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून किमान एक फूट वर घ्या आणि तिच्याखाली काहीही ठेवू नका. तो रिकामा फूट वाया गेला असं वाटतं; तो झाडू मारायला, वाळवी बघायला आणि पाणी येऊन जायला लागतो. वर्षात चार महिने पाऊस असलेल्या प्रदेशात जमीन ही साठवणीची जागाच नाही.

दारं आणि कुलूप कशाला हवं, तर विषारी आणि धारदार वस्तूंना. त्यासाठी एकच लोखंडी कपाट पुरे. गोदरेजने १९२३ सालापासून लोखंडी कपाटं करायला सुरुवात केली आणि शंभर वर्षांत मराठी घरात ते आहेरात, हुंड्यात, वारशात फिरलं. बेडरूममधून निवृत्त झालेलं असं एखादं जुनं कपाट बहुतेक घरांत असतंच. कीटकनाशकं, अ‍ॅसिड, उंदराचं औषध, करवत, ड्रिलची पाती त्यात जावीत, किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी.

काही गोष्टी मात्र गॅरेजात कुठल्याच फळीवर नकोत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि गॅरेजच्या खोलगट कोपऱ्यात साचतो. शटर बंद, समोर गाडी आणि बाजूला इन्व्हर्टर, अशा जागी १४.२ किलोचा भरलेला जादा सिलिंडर ठेवणं हे मला अक्षम्य वाटतं. बाटलीत साठवलेल्या पेट्रोलचंही तेच, त्याची वाफही जमिनीवरच रेंगाळते. इन्व्हर्टरची शिसं-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो मात्र वर चढतो. हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने भडकू शकतो. म्हणून बॅटरीच्या वर बंद कपाट नको, छतालगत जाळीची खिडकी हवी. पॉलिश केल्यावर जवसाच्या तेलात भिजलेला बोळा रंगाच्या डब्याशेजारी कोंबून ठेवतात. असा चोळामोळा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, तो उन्हात पसरून वाळवूनच टाकावा. आणि पत्र्याच्या छताखालच्या गॅरेजात फोटोंचे अल्बम, घराची कागदपत्रं, औषधं ठेवू नयेत. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात तिथली हवा भट्टीची असते. विजेवरची स्कूटर आता घरोघरी येते आहे. तिच्या चार्जिंगच्या जागेपासून चार-पाच फुटांत पुठ्ठा, गादी, रंग काही नको, म्हणजे चार्जिंगची भिंत कुठली हे ठरवूनच रॅकची भिंत निवडावी लागते. विजेचा माणूस सुताराच्या आधी आला पाहिजे.

सोसायटीत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पंचाली सोसायटी या मुंबईतल्या प्रकरणात इमारतीच्या खांबांमधलं पार्किंग हे १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार गॅरेज नव्हे, असा निकाल दिला. २०१६ च्या रेरा कायद्यातही छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा म्हणजेच गॅरेज, अशी व्याख्या आहे. पार्किंगमधल्या रंगवलेल्या चौकटीत आपण गाडी लावू शकतो. तिथे कपाट, जुना फ्रिज, गाद्या ठेवणं हा शेजाऱ्यांच्या वाटेवरचा अतिक्रमणाचा प्रकार आहे, आणि आग लागली की अग्निशमन दलाच्या वाटेवरचाही. ज्यांना गॅरेज नाही त्यांनी साठवणीचा प्रश्न दाराच्या आतच सोडवला पाहिजे. ड्राय बाल्कनीची एक भिंत, बारा इंची रॅक, वर सांगितलेलेच नियम.

खर्चाबद्दल एवढंच सांगतो: सगळी भिंत झाकणाऱ्या सुतारकामाला जो पैसा लागतो त्याच्या थोड्याशा भागात भोकांच्या अँगलचे रॅक, झाकणाचे क्रेट आणि एक भक्कम अ‍ॅल्युमिनियमची शिडी येते. शिडीवर कुणी पैसे काढायला राजी नसतं. रॅकआधी ती घ्या.

मात्र यातलं काहीही विकत आणण्याआधी गॅरेज पूर्ण रिकामं करून अंगणात मांडावं लागतं, आणि तिथे घरातली माणसं अडतात ती टाइल्सवर किंवा सायकलींवर नव्हे. टाइल्सचा एक खोका दुरुस्तीसाठी ठेवून बाकीच्या देता येतात, सायकली कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांना जातात. अडतात ती आजीच्या बंबावर, आजोबांच्या हार्मोनियमवर, जात्यावर. अशा वस्तू गॅरेजात ठेवायला माझा सक्त विरोध आहे. त्यांना जपायचं म्हणून आपण त्या तिथे ठेवतो आणि तिथे हार्मोनियमच्या भात्याला कसर लागते, पट्ट्या फुगून अडकतात, पितळ हिरवं पडतं. ज्या वस्तूवर आपला जीव आहे तिला घरात, माणसांच्या वावरात जागा मिळाली पाहिजे. जागा नसेल तर ती मागणाऱ्या चुलत भावाला, भजनी मंडळाला, गावच्या देवळाला द्यावी, आणि तीही सुरात असताना, वाजवता येत असताना. पातेल्यांना कल्हई करून घ्या. एक मोठं पातेलं घरी ठेवा, बाकीची ज्यांच्याकडे अजून पंगती उठतात त्यांना द्या, आणि मगच टेप घेऊन रॅकची मापं घ्यायला गॅरेजात जा.